हिमनद्यांची उपग्रहचित्रं: पहिल्यांदा डाउनलोड करताना

अख्खं आर्क्टिक नको, एकच हिमनदी घ्या. नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातली क्रोनेब्रेन उत्तम: समुद्रात तुटणारं तिचं टोक चित्रात लगेच सापडतं. चित्रं कोपर्निकस ब्राउझर या युरोपीय उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर मिळतात; तिथे नोंदणी मोफत आहे.

स्वालबार्डमध्ये या हिमनदीपाशी ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवत नाही. त्या काळात सूर्यप्रकाशात चित्रं टिपणारा सेंटिनेल-२ उपग्रह विसरा. सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार अंधारातही आणि ढगांतूनही पाहतं.

हमखास होणाऱ्या चुका:

- वाऱ्याने खवळलेलं पाणी एचएच (आडवी रडारलहर पाठवून आडवीच टिपलेल्या) चित्रात बर्फासारखं उजळ दिसतं. शेजारी एचव्ही (आडवी पाठवून उभी टिपलेलं) चित्र उघडाच.
- उन्हाळ्यात ओला बर्फ रडारचित्रात काळा दिसतो. तो संपला असं समजू नका.
- तुलनेच्या दोन्ही चित्रांची सापेक्ष कक्षा (उपग्रहाच्या ठरावीक, पुन्हा पुन्हा येणाऱ्या मार्गाचा क्रमांक) एकच हवी.
- वेब मर्केटरवर (ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणावर) क्षेत्रफळ मोजू नका. ७९ अंश उत्तर अक्षांशावर ते सुमारे २७ पट फुगतं! यूटीएम ३३ उत्तर हे या भागासाठीचं प्रक्षेपण वापरा.

बर्फाचा वेग मोजणं सध्या बाजूला ठेवा.