वाचक विचारतात: कॅसेट, पेन ड्राइव्ह आणि फाइलचा फॉरमॅट

प्रश्न : आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची 60 मिनिटांची कॅसेट दुकानातून एमपी3 करून आणली. फाइल 29 एमबीची आहे, पण आवाज दबलेला येतो. म्हणून ती वेव्हमध्ये बदलली. आता ती 635 एमबी झाली, तरी आवाज तसाच. काय चुकलं?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : बदलताना तुमचं काही चुकलेलं नाही. आवाज आधीच गेलेला होता. तासाभराची फाइल 29 एमबीची, म्हणजे दुकानदाराने बिटरेट (दर सेकंदाच्या आवाजाला दिलेली जागा) 64 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 64 हजार बिट, ठेवला आहे. एवढ्या कमी बिटरेटला एमपी3 वरच्या पट्टीतले आवाज सरळ कापून टाकतं. ‘स’, ‘श’ची धार आणि बांगड्यांची किणकिण जाते ती तिथेच. वेव्हमध्ये उरलेलाच आवाज मोठ्या जागेत पसरून बसतो, गेलेलं परत येत नाही.

कॅसेट अजून हाताशी असेल तर पुन्हा रेकॉर्ड करा, हाच खरा उपाय आहे. आधी टेपचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या, म्हणजे फीत सारखी बसते. एवढं करूनही आवाज दबका वाटला तर हेड तिरपं असण्याची शक्यता मोठी. हेडच्या एका बाजूला स्प्रिंगवर बसवलेला बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी किंचित, पाव फेऱ्याच्या आत, इकडेतिकडे फिरवा. ‘स’ सर्वांत स्पष्ट ऐकू येईल तिथे थांबा. दुकानात घाईने केलेल्या कामात हीच पायरी बहुधा राहून जाते.

टेपची वायर लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात घालू नका. तिथे आत जाणारा मार्ग माइकचा असतो. टेपचा आवाज त्याला झेपत नाही आणि फाटतो. ‘लाइन-इन’, म्हणजे टेपसारख्या यंत्राचा आवाज आत घेणारं भोक, असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये 44,100 हर्ट्झवर रेकॉर्ड करा आणि सर्वांत मोठा आवाजही मीटरवर उणे 6 डेसिबलच्या आसपासच राहील असं पाहा. शून्याला टेकून कापला गेलेला आवाज नंतर नीट होत नाही. थोडा हळू आलेला मात्र सहज वाढवता येतो.

जपून ठेवायची प्रत फ्लॅक या फाइल-प्रकारात एक्सपोर्ट करा. फ्लॅक काहीही टाकून देत नाही, तरी जागा वेव्हच्या साधारण निम्मी ते दोनतृतीयांश घेतं. त्याच फ्लॅकवरून नातेवाइकांना पाठवायला 128 केबीपीएस, मोनो एमपी3 काढा. एका माइकवर रेकॉर्ड झालेल्या ओव्यांना स्टिरिओची गरज नाही. खरखर कमी करायची असेल तर ती एमपी3च्या प्रतीसाठीच करा, फ्लॅकला हात लावू नका. आणि कॅसेट टाकून देऊ नका.

प्रश्न : भजनी मंडळाचा सराव मोबाइलवर रेकॉर्ड केला. फाइल एम4ए आहेत. स्पीकरला पेन ड्राइव्ह लावला तर काहीच वाजत नाही. नावाच्या शेवटी एमपी3 लिहून पाहिलं, तरी नाही.
– एक वाचक, कागल

उत्तर : नाव बदललं तरी आतला आवाज एएसी पद्धतीचाच राहतो आणि तुमच्या स्पीकरला ती पद्धत वाचता येत नसावी. आधी नावं होती तशी करा.

मग फ्रीॲक हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. सगळ्या फाइल एकदम त्याच्या खिडकीत ओढून टाका, एन्कोडर म्हणून लेम एमपी3 निवडा आणि त्याच्या सेटिंगमध्ये बिटरेट 192, स्थिर ठेवा. व्हेरिएबल (बदलता) ठेवलं तर काही जुने स्पीकर गाण्याची वेळ चुकीची दाखवतात. आउटपुट फोल्डर वेगळं द्या, म्हणजे मूळ फाइल एकीकडे राहतील.

एमपी3 करूनही वाजलं नाही तर दोष पेन ड्राइव्हच्या फॉरमॅटचा, म्हणजे त्यावर फाइल मांडण्याच्या पद्धतीचा, असू शकतो. असे स्पीकर बहुधा फॅट32च वाचतात, आणि 64 जीबी किंवा त्याहून मोठे पेन ड्राइव्ह सहसा एक्सफॅटमध्ये येतात. 32 जीबी किंवा त्याहून लहान घ्या आणि फॅट32मध्ये फॉरमॅट करा. फॉरमॅट करताना त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी कॉपी काढून ठेवा. काही स्पीकर नावाचा क्रम न पाहता फाइल ज्या क्रमाने कॉपी झाल्या त्याच क्रमाने वाजवतात. अभंगांचा क्रम ठरलेला असेल तर 01, 02 असे आकडे द्याच, आणि फाइल एकेक करून त्याच क्रमाने कॉपी करा.

प्रश्न : गावातल्या वयस्कर मंडळींच्या आठवणी मुलं व्हॉट्सॲपवर आवाजी मेसेज करून पाठवतात. फाइल ओपस आहेत. 320च्या एमपी3मध्ये बदलून ठेवाव्यात का?
– एक शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : नको. ओपस आहे तशीच साठवा. व्हीएलसी या प्लेअरमध्ये ती सरळ वाजते. आवाजी मेसेज पाठवतानाच दाबून लहान केलेला असतो. 320 केल्याने फाइल फुगेल, बोलणं आहे तेवढंच राहील. कुणाला एमपी3च हवी असेल तर 64 केबीपीएस मोनो पुरे.

यापुढे मुलांना सांगा, की फोनच्या रेकॉर्डर ॲपमध्ये बोलणं रेकॉर्ड करा आणि ती फाइल व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. मग ती न दाबता जशीच्या तशी पोहोचते. फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, पंख्याच्या वाऱ्याबाहेर ठेवायला लावा. कोणत्याही कन्व्हर्टरपेक्षा याचा फरक मोठा पडेल.

प्रश्न : सॉफ्टवेअर न घेता वेबसाइटवर फाइल बदलली तर?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : एखाद-दुसऱ्या गाण्याला चालेल. घरच्या माणसांचे आवाज मात्र अनोळखी सर्व्हरवर चढवू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. ऑडॅसिटी, फ्रीॲक आणि व्हीएलसी तिन्ही मोफत आहेत आणि फाइल तुमच्याच संगणकावर बदलतात. फक्त ती त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच उतरवा. शोधताना वर येणाऱ्या जाहिरातींतल्या मोठ्या ‘डाउनलोड’ बटणांमागे बऱ्याचदा भलतंच काही असतं.