जुन्या कॅथलिक चित्रांत उडत्या तबकड्या खरंच आहेत का? आणि असं चित्र समोर आलं तर तपासायचं कसं?

व्हॉट्सअ‍ॅपवर उडत्या तबकडीचा पुरावा म्हणून दोन चित्रं फिरतात: 'आकाशातून मरियेवर (येशूच्या आईवर) पडणारा लेझर' आणि फ्लॉरेन्समधलं 'तबकडी बघणारा माणूस'. दोन्हीत तबकडी नाही.

लेझरवालं चित्र कार्लो क्रिवेल्लीचं, १४८६ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. किरण कुठून निघाला हे सगळे बघतात; तुम्ही तो संपतो कुठे ते बघा. भिंतीला ठेवलेल्या भोकातून तो आत येतो आणि मरियेच्या डोक्यापाशी पोचतो. तिथेच कबूतर आहे, म्हणजे पवित्र आत्मा. तुला येशू होणार, असा संदेश गॅब्रिएल देवदूत मरियेला देतो, तो हा प्रसंग. वरची 'तबकडी' म्हणजे ढगाचं कडं. गॅलरीच्या संकेतस्थळावरचं चित्र मोठं करून पाहिलंत तर त्यात दाटीने बसवलेले इवलेसे देवदूत दिसतील. मूळ चित्र दोन मीटरहून उंच आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ते कडं तांदळाच्या दाण्याएवढं उरतं, आणि मग त्यात काहीही दिसू शकतं.

फ्लॉरेन्सचं चित्र जास्त अवघड आहे. ते पालाझ्झो वेक्कियोत आहे, पंधराव्या शतकातलं. चित्रकार कोण यावर अजून एकमत नाही. मरियेच्या खांद्यामागे आकाशात करडी, किरण फुटलेली वस्तू आणि खाली कपाळाशी हात धरून वर बघणारा माणूस. त्याच्याजवळ कुत्रा आहे, तो विसरू नका: हा मेंढपाळ आहे. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, येशूच्या जन्माच्या वेळी, रात्री मेंढरं राखणाऱ्यांना देवदूत दर्शन देतो आणि प्रभूचं तेज त्यांच्याभोवती फाकतं. एरवी तिथे देवदूत रंगवलेला असतो, इथे नुसता तेजाचा ढग आहे. गोंधळ होतो तो त्यामुळेच. पण याकोबाच्या नावाने चालत आलेल्या, बायबलबाहेरच्या जन्मकथेत गुहेवर तेजस्वी ढग येतो, म्हणजे ही कल्पना चित्रकाराच्या पदरची नव्हे. फॉरवर्ड करणारे नेमका उजवा कोपरा कापून पाठवतात. डावीकडे वर तारा आहे, तो गळतो. तारा आणि मेंढपाळ एकत्र दिसले असते तर ख्रिस्तजन्म ओळखायला कुणाला वेळ लागला नसता.

म्हणून आधी पूर्ण चित्र मिळवा, संग्रहालयाचं नाव शोधा, मग त्याच प्रसंगाची त्याच काळातली चार-पाच चित्रं शेजारी ठेवा. तीच 'वस्तू' त्याच जागी परत परत आली, तर ते चित्रकारांचं ठरलेलं चिन्ह आहे.

इटलीतल्या मोन्ताल्चिनोच्या चित्रातला 'स्पुटनिक' (रशियाचा पहिला कृत्रिम उपग्रह) असाच सुटतो. साधारण १६०० च्या सुमाराचं बोनाव्हेंतुरा सालिम्बेनीचं चित्र. देव पिता आणि पुत्र येशू यांच्या मधला गोल म्हणजे त्यांनी निर्माण केलेलं विश्व. 'अँटेना' म्हणतात ते त्यांच्या हातातले राजदंड, आणि 'कॅमेऱ्याचं भिंग' म्हणजे गोलावर रंगवलेला चंद्र. खऱ्या स्पुटनिकला चार अँटेना होत्या; इथे दोनच आहेत, कारण धरणारे दोघेच!

सगळ्यात गमतीचं उदाहरण पाओलो उच्चेल्लोच्या संन्याशांच्या चित्रातली 'लाल तबकडी'. ती संत जेरोमची, कार्डिनल म्हणजे वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरू घालतात तशी, रुंद काठाची टोपी आहे. जेरोमच्या चित्रांत अशी टोपी जमिनीवर पडलेली नेहमी दिसते, पण ते माहीत नसेल तर लाल, चपटी, गोल गोष्ट एवढंच कळतं.

अशा चित्रांच्या याद्यांत घुसलेली दोन नावं मात्र कॅथलिक नाहीतच. कोसोव्होतल्या देचानी मठाची भित्तिचित्रं ऑर्थोडॉक्स या वेगळ्या ख्रिस्ती पंथाची आहेत. तिथली 'यानांत बसलेली माणसं' म्हणजे माणसाच्या रूपात रंगवलेले सूर्य आणि चंद्र. आर्त द गेल्डरचा येशूचा बाप्तिस्मा प्रोटेस्टंट हॉलंडच्या चित्रपरंपरेतला, आणि त्यातली प्रकाशाची तबकडी दिसायला सगळ्यात पटण्यासारखी. मोठं करा, मधोमध कबूतर आहे.

फातिमाच्या घटनेला हे नियम लावू नका. १३ ऑक्टोबर १९१७ ला पोर्तुगालमधल्या या गावी हजारो लोकांनी 'सूर्य नाचताना' पाहिल्याचं सांगितलं. तिथे तपासायच्या त्या साक्षी, चिन्हं नव्हेत.

सराव करायचा तर जुन्या गोव्यात बॉम जीझस चर्चच्या मुख्य वेदीसमोर उभे राहा. वर सोनेरी किरणांची चकती आहे. तिच्यावरची 'आय-एच-एस' ही येशूच्या नावाची अक्षरं वाचा आणि खाली उभ्या संत इग्नेशियसच्या (जेझुइट संघाच्या संस्थापकाच्या) पुतळ्याची नजर कुठे लागली आहे ते बघा.