इनोपोलिसची ऑफर आली आहे: कझानला निघण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात सहा वर्षं बॅकएंडचं काम, आता रशियातल्या तातारस्तान प्रजासत्ताकातल्या (राजधानी कझान) इनोपोलिस या आयटी शहरातल्या एका कंपनीची दरमहा 2,20,000 रूबलची ऑफर, सोबत पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी. जावं का, आणि गेलात तर कुठे अडाल?

जाण्यासारखी जागा नक्की आहे. पण ऑफर लेटरमध्ये जे लिहिलेलं नसतं, त्यावर बरंच अवलंबून असतं.

आधी प्रदेशाबद्दल. रशियाच्या नकाशावर तातारस्तान वेगळा उठून दिसतो, त्याला कारणं आहेत. इथल्या व्होल्गा नदीकाठच्या बल्गार लोकांनी 922 मध्ये इस्लाम स्वीकारला, 1552 मध्ये रशियाचा झार इव्हान द टेरिबलने कझान जिंकलं. आज कझानच्या क्रेमलिनमध्ये (जुन्या किल्ल्यात) 2005 साली उघडलेली कुल शरीफ मशीद आणि जुनं ऑर्थोडॉक्स कॅथेड्रल एकाच तटाच्या आत उभी आहेत. 1948 मध्ये रोमाश्किनो इथे प्रचंड तेलसाठा सापडला आणि प्रदेशाकडे पैसा आला. 1994 मध्ये मॉस्कोशी अधिकारवाटपाचा करार झाला, तो 2017 मध्ये संपला. मधल्या काळात तेलाचा पैसा आणि निर्णयाची मोकळीक दोन्ही हातात होतं, आणि इथल्या सरकारने ते रस्ते, मेट्रो, विद्यापीठं नि संगणकीकरणात घातलं. (आपल्या चौलला उतरून जुन्नरला राहिलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन पंधराव्या शतकात व्होल्गावरून कझानजवळूनच पुढे आला होता.)

आयटी इथे कालपरवा आलेलं नाही. कझानच्या कारखान्यात एम-20 आणि पुढे ईएस मालिकेतले मोठे सोव्हिएत संगणक बनत. 1991 मध्ये त्याच कारखान्याच्या भागीदारीतून आयसीएल या ब्रिटिश संगणक कंपनीबरोबर संयुक्त कंपनी निघाली. म्हणून हार्डवेअर नि सिस्टिम समजणारी जुनी पिढी या शहरात आजही भेटते. इनोपोलिस ही त्याची नवी शाखा: कल्पना 2010-12 च्या सुमाराची, उद्घाटन 2015 मध्ये, कझानपासून साधारण 40 किलोमीटरवर, व्होल्गाच्या पलीकडच्या काठावर. आराखडा 1,55,000 लोकांसाठीचा आहे, प्रत्यक्षात राहतात काही हजार. 2018 मध्ये यांडेक्स या रशियन कंपनीची चालकविरहित टॅक्सी याच रस्त्यांवर सुरू झाली. रस्ते मोकळे आणि सरळ होते, म्हणून ते जमलं. त्याच मोकळेपणामुळे दुकानं मोजकी आहेत आणि मोठं इस्पितळ, बाजार, सरकारी कचेरी यांसाठी बऱ्याचदा कझान गाठावं लागतं. जानेवारीत सरासरी तापमान उणे 10 च्या आसपास असतं, आणि टेकडीवर वारा थांबत नाही.

आता तुमच्या ऑफरकडे येतो.

रशियात ‘उच्च पात्रताधारक तज्ज्ञ’ असा एक वर्ग आहे. त्यात कोटा नाही, भाषेची परीक्षा नाही, परवाना तीन वर्षांपर्यंत मिळतो आणि कुटुंबाला सोबत आणता येतं. पण मार्च 2024 पासून त्यासाठी तिमाहीला किमान 7,50,000 रूबल पगार लागतो. तुमचा होतो 6,60,000. म्हणजे या सर्वसाधारण अटीत तुम्ही बसत नाही. इनोपोलिससारख्या विशेष आर्थिक क्षेत्रात नोंदलेल्या कंपन्यांसाठी मात्र पगाराची अट कमी असू शकते. कंपनी फोनवर ‘तुम्हाला त्याच व्हिसावर आणू’ म्हणत असेल, तर अशी सवलत कोणत्या आधारावर आहे ते लेखी घ्या, नाहीतर आकडा लेखी बदलून घ्या. दुसरा मार्ग 2022 च्या कायद्याने खुला झाला: रशियाच्या डिजिटल विकास मंत्रालयाची मान्यता असलेल्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या परदेशी तज्ज्ञाला वर्क परमिट लागत नाही. इथे सगळी मदार कंपनीच्या मान्यतेवर आहे. कंपनीचा करक्रमांक मागून घ्या आणि मंत्रालयाच्या यादीत स्वतः तपासा. त्याच वेळी अमेरिका आणि युरोपीय संघाच्या निर्बंधांच्या याद्यांतही कंपनीचं नाव शोधा. पुढे कधी जर्मनी किंवा अमेरिकेचा व्हिसा मागाल, तेव्हा या नोकरीची नोंद तुमच्याबरोबर जाणार आहे.

कराचं गणित बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वरच्या वर्गात नसलात तर पहिले 183 दिवस तुम्ही करदृष्ट्या अनिवासी, आणि दर 30 टक्के. म्हणजे 2,20,000 मधून 66,000 कापले जाऊन हातात 1,54,000. निवासी ठरल्यावर वर्षाला 24 लाख रूबलपर्यंत 13 टक्के, त्यावरच्या रकमेवर 15. फरक परत मिळतो, पण अंतिम हिशेब कॅलेंडर वर्षाचा असतो. 2 जुलैनंतर उतरलात तर त्या वर्षात 183 दिवस भरतच नाहीत आणि कापलेला जादा कर गेला तो गेला. शक्य असेल तर जूनअखेरच्या आत रुजू व्हा, नाहीतर थेट जानेवारीची तारीख मागा.

घर. इनोपोलिसमधले फ्लॅट मुख्यतः भाड्याचे आणि नोकरीशी बांधलेले असतात. नोकरी गेली तर घर जातं, आणि घराबरोबर पत्त्याची नोंदणीही. नोकरी सुटल्यावर घर रिकामं करायला किती दिवस मिळतील, हे करारात लिहून घ्या.

कागदपत्रांत सर्वाधिक घोळ नावाच्या स्पेलिंगचा होतो. ‘ज्ञानेश्वर’, ‘क्षीरसागर’, ‘वाघ’ अशी नावं रशियन लिपीत प्रत्येक अनुवादक वेगळी लिहितो. व्हिसावर तुमचं नाव रशियन लिपीतही छापलेलं असतं, तेच प्रमाण माना. पासपोर्टचा नोटराइज्ड अनुवाद व्हिसा हातात आल्यावरच करून घ्या, आणि अनुवादकाला व्हिसाची प्रत द्या. डिग्री, लग्नाचा आणि जन्माचा दाखला यांवर आधी राज्यपातळीवरचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य ठरवणारं प्रमाणपत्र). हे भारतातच उरका, तिथून होत नाही. विमानतळावर मायग्रेशन कार्ड मिळेल, त्यावर येण्याचा उद्देश ‘काम’ असाच आहे ना, हे खिडकीपाशीच वाचा. ‘पर्यटन’ पडलं तर पुढची प्रत्येक नोंदणी अडते.

उतरल्यावर 7 कामकाजी दिवसांत पत्त्याची नोंदणी, ती यजमान म्हणजे कंपनी किंवा घरमालक करतो. कामासाठी आलेल्याला 30 दिवसांत वैद्यकीय तपासणी (क्षय, एचआयव्ही, सिफिलिस, कुष्ठरोग, अमली पदार्थ), बोटांचे ठसे आणि फोटो. हे चुकलं तर देशात राहण्याचा हक्कच धोक्यात येतो. फेब्रुवारी 2025 पासून कायदेशीर आधार नसलेल्या परदेशी व्यक्तींची ‘नियंत्रित व्यक्ती’ अशी यादी ठेवली जाते. त्यात नाव गेलं की बँक खात्यावरही मर्यादा येतात. आपलं नाव त्यात चुकून तर नाही ना, हे गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर अधूनमधून पाहत जा.

तातारस्तानात जवळपास प्रत्येक सरकारी काम ‘गोसउस्लुगी’ या सरकारी सेवांच्या पोर्टलवरून होतं, आणि खरोखर वेगाने होतं. पण त्यात शिरेपर्यंत सगळं कागदावर चालतं. परदेशी माणसाला जानेवारी 2025 पासून सिम हवं तर पासपोर्ट, ‘स्निल्स’ हा सामाजिक विमा क्रमांक, पोर्टलचं पक्कं खातं, बायोमेट्रिक आणि हँडसेटचा आयएमईआय हे सगळं दुकानात प्रत्यक्ष दाखवावं लागतं. म्हणून क्रम हा ठेवा: पत्त्याची नोंदणी, कंपनीकडून स्निल्स, बँक खातं आणि मीर हे रशियन बँक कार्ड, पोर्टल, बायोमेट्रिक, मग सिम. एका कागदावर एक अक्षर वेगळं असलं तरी यंत्रणा तुम्हाला दुसरा माणूस समजते. भारतीय नंबर रोमिंगवर चालू ठेवा, बँकेचे ओटीपी त्यावरच येतील. मात्र परदेशी सिमला सीमा ओलांडल्यावर पहिले 24 तास तिथे मोबाइल डेटा आणि एसएमएस बंद असतात, म्हणून पत्ता, नकाशा, कंपनीचा फोन नंबर कागदावर लिहून न्या. ड्रोनच्या भीतीने मोबाइल इंटरनेट मधेच बंद होतं. व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामचे कॉल ऑगस्ट 2025 पासून रोखले आहेत. घरच्यांशी बोलायचा दुसरा मार्ग निघण्यापूर्वी दोन्हीकडे बसवून घ्या.

भारतातली व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीची बँक कार्डं मार्च 2022 पासून तिथे चालत नाहीत. पहिल्या दोन महिन्यांचा खर्च रोख डॉलरमध्ये न्या. इतर बहुतेक देशांसाठी 3,000 डॉलर रोखीची मर्यादा असते, पण रशियाला जाणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पूर्ण रक्कम नोटांत घेता येते. बँकेतल्या क्लार्कला हे माहीत नसतं, नियम दाखवा. 10,000 डॉलरच्या वर असेल तर रशियन कस्टम्सला जाहीर करा. नोटा कोऱ्या, न फाटलेल्या, शिक्का नसलेल्या हव्यात.

मुलीबद्दल: एप्रिल 2025 पासून परदेशी मुलांना शाळाप्रवेशासाठी रशियन भाषेची चाचणी द्यावी लागते. पहिलीला जाणाऱ्या मुलांनाही. आजपासून सहा महिने शिकवणी लावा, तिथे गेल्यावर लावू म्हणू नका.

एका गोष्टीबद्दल स्पष्ट सांगतो. कझानपासून दोनशे किलोमीटरवरच्या येलाबुगातल्या अलाबुगा औद्योगिक क्षेत्रात ‘शिका आणि कमवा’ छापाच्या जाहिराती येतात. तिथे लष्करी ड्रोन बनतात, अमेरिकेने 2024 मध्ये त्यावर निर्बंध घातले, आणि 2 एप्रिल 2024 ला तिथल्या वसतिगृहावर ड्रोन आदळला. ओळखीच्या कुणाला अशी ऑफर आली तर थांबवा. मदतनीसाचं काम म्हणून नेलेले भारतीय तरुण रशियन सैन्यात अडकले, हेही घडलेलं आहे. न वाचता येणाऱ्या रशियन कागदावर सही नको, कुणीही घाई केली तरी.

पोहोचल्यावर कझानमधल्या भारतीय महावाणिज्य दूतावासात तिघांचीही नोंद करा, तो नोव्हेंबर 2025 मध्ये उघडला आहे.

कंपनीला आजच मेल करा आणि लेखी विचारा: कोणत्या कायदेशीर वर्गात आणणार, पत्नी आणि मुलगी कोणत्या व्हिसावर येणार, वैद्यकीय विमा कुणाचा, आणि पत्त्याची नोंदणी कोण करणार. चारही उत्तरं हातात येईपर्यंत पुण्यात राजीनामा देऊ नका.