सांधे शांत झाले, गोळ्या बंद करू का?

प्रश्न: मला चार वर्षांपासून आमवात आहे. आता पाचवा महिना चालू आहे आणि सकाळी बोटं आखडणं जवळजवळ थांबलंय. गोळ्या बंद केल्या तर चालेल का? सासूबाई म्हणतात, दिवस गेले की प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून काढा घे.

उत्तर: सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. प्रतिकारशक्ती सरसकट घटत नाही, तिचा रोख बदलतो. बाळाची निम्मी जनुकं वडिलांची, म्हणजे तुमच्या शरीराला परकी. त्यांच्यावर हल्ला होऊ नये याची बरीचशी व्यवस्था प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हॉर्मोन) बघतं. सातव्या ते नवव्या आठवड्यांच्या सुमारास ते बनवण्याचं काम वार (प्लॅसेंटा) हाती घेते, आणि शेवटच्या महिन्यांत रक्तातलं प्रमाण मिलिलिटरमागे 100 नॅनोग्रॅमच्याही वर जातं. त्याला इस्ट्रोजेन आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकांची जोड मिळते. सूज पेटवणाऱ्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) नमतात, आवर घालणाऱ्या वाढतात. आमवात हा त्या पेटवणाऱ्या पेशींचाच उद्योग, म्हणून निम्म्याहून अधिक जणींना आराम पडतो. (ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या दुसऱ्या एका आजारात, मात्र असा भरवसा नाही, तो उलट भडकूही शकतो.)

पण हा आराम उसना आहे. वार पडली की प्रोजेस्टेरॉन दोन-चार दिवसांत कोसळतं, आणि अनेकींचे सांधे पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा सुजतात, नेमकं बाळाला उचलायचं तेव्हा. म्हणून गोळ्या मनाने सोडू नका. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सहसा चालू ठेवतात. मेथोट्रेक्सेट घेत असाल तर आजच डॉक्टरांना कळवा. ते गरोदरपणात चालतच नाही. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या विसाव्या आठवड्यानंतर टाळायच्या. बाळंतपणानंतरची औषधं, अंगावर पाजण्याचा विचार करून, आठव्या महिन्यातच ठरवून घ्या.

रक्ततपासणीत ईएसआर (सूज दाखवणारा आकडा) वाढलेला दिसला तर घाबरू नका. गरोदरपणात तो एरवीही वाढतो. सूज दाखवणारी दुसरी रक्तचाचणी, सीआरपी, त्यापेक्षा विश्वासार्ह. रात्री बोटं बधिर होत असतील तर तो बहुधा आमवात नव्हे, मनगटातली नस दबलेली असते.

काढ्याने हा बदललेला रोख फिरत नाही. त्यातल्या ज्येष्ठमधाचं जास्त प्रमाण तर गरोदरपणात नकोच. खरी काळजी फ्लूची आणि हिपॅटायटिस ई-ची (दूषित पाण्यातून होणारी कावीळ). फ्लूची निष्क्रिय लस कोणत्याही महिन्यात चालते. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या जिवंत लसी नाहीत. ताप-खोकला आला तर दोन दिवस वाट बघू नका, कारण फ्लूचं औषध पहिल्या 48 तासांत सर्वांत उपयोगी पडतं. पाणी उकळून प्या, लघवी गडद पिवळी झाली तर त्याच दिवशी दाखवा.