मॅटवर टॅप करते, मग फिजिक्समध्ये का नाही?

प्रश्न: माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावी सायन्सला. आम्ही नाशिकरोडला राहतो. सहावीपासून ती ज्युदो खेळायची, दोनदा विभागीय स्पर्धेपर्यंत गेली. गेल्या वर्षापासून गंगापूर रोडला ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकते. आता म्हणते, ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेशपरीक्षा देणार नाही, बारावी झाली की बेंगळुरूला जाऊन पूर्णवेळ हेच करणार. मिस्टरांचं म्हणणं, उद्यापासून क्लास बंद. परवा तिची गी (सरावाचा जाड पोशाख) धुवायला काढली तर बॅगेच्या तळाशी फिजिक्सच्या टेस्टचे तीन पेपर निघाले. दोन महिन्यांपासून लपवलेले. गळ्यावर वळ असतात. शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही झालंय का. सराव मुलांबरोबरही असतो. आणि मला अजिबात न कळणारी गोष्ट म्हणजे ही रोज हरून येते आणि तरी खुशीत असते. यात करिअर आहे का?
— एक आई, नाशिकरोड

उत्तर: ताई, करिअरचा प्रश्न तुम्ही शेवटी टाकलाय, मी तो आधी घेते. नुसत्या स्पर्धा खेळून पोट भरेल असा हा खेळ भारतात आज नाही. ऑलिंपिकमध्ये तो नाही. आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये जु-जित्सू या नावाने 2018 मध्ये जकार्ताला आला, पुढे हांगझोऊलाही होता आणि तिथे भारताचे खेळाडू उतरले होते. पण तिथवर पोचणारे मोजके. एरवीच्या बहुतेक स्पर्धांची प्रवेश फी, प्रवास, राहणं-खाणं खेळाडूच्याच खिशातून जातं. अबू धाबीत चित्र वेगळं आहे. तिथे हा खेळ शाळांमध्ये शिकवतात आणि त्यासाठी बाहेरून प्रशिक्षक आणतात. त्या नोकऱ्यांसाठी मात्र वरचा बेल्ट लागतो. क्रम असा: पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाप्रमाणे ब्लॅक बेल्टसाठी किमान वय 19 आहे, पण नेमाने सराव करणाऱ्यालाही तिथे पोचायला साधारण दहा वर्षं जातात. तुमची मुलगी वर्षभराची पांढरा बेल्टवाली. म्हणजे हिशेब तिच्या सत्ताविशीपर्यंतचा. तोवर बेंगळुरूतल्या खोलीचं भाडं, क्लासची फी आणि खुराक यांचे पैसे कुठून येणार, हे तिला विचारा. ओरडून नको, वही-पेन पुढे ठेवून तिलाच मांडू द्या.

एवढं वाचून मिस्टर म्हणतील, ‘बघ, मी काय सांगत होतो!’ त्यांना इथेच थांबू देऊ नका, पुढचंही वाचायला लावा.

रोज हरून खुशीत कशी, याचं उत्तर या खेळाच्या रचनेतच आहे. आपल्याकडे कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागला. ज्युदोतही समोरच्याला पाठीवर नीट आपटलं की इप्पॉन, लढत संपली. जिउ-जित्सूत पाठीवर पडल्यावर अर्धा खेळ सुरू होतो. खाली असलेली व्यक्ती पायांनी वरच्याला अडकवून ठेवते, त्याला गार्ड म्हणतात. तिथून ती वरच्याला उलटवू शकते, हाताला कुलूप घालू शकते, गळा आवळू शकते. गुणांची विभागणी बघा: खाली पाडलं तर दोन, गार्ड पार करून बाजूला आलं तर तीन, छातीवर बसकण मारली तर चार. पाडण्यापेक्षा पाडल्यानंतरच्या कामाला भाव जास्त. वजनाने हलक्या, ज्युदोत ताकदीला कमी पडणाऱ्या मुलीला इथे पहिल्यांदा वाटतं, खाली पडले तरी माझं काही संपलेलं नाही. बाई, तुमची मुलगी खुशीत का नसेल?

या खेळाची पाळंमुळंही ज्युदोतच आहेत. मित्सुयो माएदा हा जपानी ज्युदोका 1914 मध्ये ब्राझीलला पोचला, पुढे बेलेम शहरात कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे शिकला, आणि कार्लोसच्या धाकट्या, अंगाने किरकोळ असलेल्या भावाने, एलियोने, ताकदीपेक्षा तरफेवर आणि वेळ साधण्यावर भर दिला. 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानच्या मासाहिको किमुराने याच एलियोचा हात असा पिरगाळला की हाड मोडलं. एलियोने तरी टॅप केला नाही, म्हणजे हार मानून थाप मारली नाही. शेवटी त्याच्या बाजूने टॉवेल टाकून लढत थांबवावी लागली. ग्रेसींनी पुढे त्या कुलपाला किमुराचंच नाव दिलं आणि आपल्या शाळेत ते शिकवलं. हरवणाऱ्याकडून शिकण्याची ही रीत मला आवडते. हात मोडेपर्यंत न थांबण्याची मात्र नाही, आणि कोणताही शहाणा प्रशिक्षक सतरा वर्षांच्या मुलीला ती शिकवत नाही.

मागे एका पालकांच्या आग्रहावरून मी अशा क्लासमध्ये एक संध्याकाळ भिंतीला टेकून बसले होते. एक बारीक चणीची मुलगी तिच्याहून बऱ्याच जड मुलाखाली अडकली होती. सुरुवातीला हात ताठ करून त्याला ढकलत राहिली, चेहरा लालबुंद, श्वास कोंडलेला. प्रशिक्षक बाजूने एवढंच म्हणाले, ‘कोपरं आत. श्वास सोड.’ तिने कोपरं बरगड्यांशी घेतली, कुशीवर वळली, मधे गुडघा घातला. थोडी जागा झाली. पुढच्याच मिनिटाला त्याने तिचा हात पकडला. तिने त्याच्या खांद्यावर दोनदा थाप मारली, त्याने त्याच क्षणी सोडलं. ती उठून बसली आणि विचारलं, ‘कुठे चुकले?’ त्याने दाखवलं: कोपर बाहेर गेलं होतं. हाताला हात लावून दोघं पुन्हा भिडले. पाच मिनिटांच्या एका रोलमध्ये, म्हणजे सरावाच्या लढतीत, हे तीनदा झालं. रडारड नाही, रुसवा नाही, सबब नाही.

आता बॅगेच्या तळाशी निघालेले ते तीन पेपर घ्या.

मॅटवर अडकलं की लगेच थाप मारणारी मुलगी फिजिक्समध्ये अडकल्यावर दोन महिने गप्प बसली. खेळाने आलेली शिस्त आपोआप अभ्यासात उतरते, असं आम्ही समुपदेशक सर्रास सांगतो. मला ते अर्धंच पटतं. मॅटवर टॅप करायला ती घाबरत नाही, कारण तिथे टॅपची कुठे नोंद होत नाही, पुढच्या मिनिटाला नवी सुरुवात असते आणि हरवणाराच चूक दाखवतो. टेस्टचे मार्क मात्र क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात आणि घरी वडिलांसमोर जातात. दोन्हीकडे मुलगी एकच आहे, चुकण्याची किंमत वेगळी आहे. ‘नीट देणार नाही’ या निर्णयात खेळाचं प्रेम किती आणि फिजिक्सपासून पळ किती, हे तुम्हाला, मला आणि तिलाही अजून वेगळं करता आलेलं नाही. ते झाल्याशिवाय बेंगळुरूचा विचार नको.

म्हणून या आठवड्यात एकच करा. तिघंही ते पेपर घेऊन बसा. ‘का लपवलेस’ हा प्रश्न त्या दिवशी काढायचाच नाही. फक्त ‘कुठे चुकलं?’ बहुतेक पेपरात एक जागा सापडते, जिथून पुढे उत्तरं तुटक होत जातात. माझा अंदाज रोटेशनल डायनॅमिक्सचा आहे. बारावीच्या पुस्तकातला तो पहिलाच धडा, आणि तिथे घसरलेली मुलं वर्षभर घसरलेली राहतात. गंमत अशी की त्यातला टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, तिला अंगाने येतो. आर्मबार, म्हणजे कोपराचं कुलूप, लावताना ती समोरच्याचं मनगट छातीशी धरते, कंबर त्याच्या कोपराखाली आणते आणि वर उचलते. कंबर हा टेकू, हात ही तरफ. मनगटाशी धरलं तर कमी जोरात काम होतं, कोपराजवळ धरलं तर दम निघतो. सरांना हे एकदा कानावर घाला. चांगला शिक्षक यातून अख्खा धडा उलगडेल. नीटच्या 180 प्रश्नांपैकी 45 फिजिक्सचे असतात, तेव्हा या विषयाला टाळून जाता येणार नाही.

क्लास बंद करू नका. बोर्डाला काही महिने उरलेले असताना जिथे ती खुशीत असते ती एकमेव जागा काढून घेतलीत, तर तो रिकामा वेळ अभ्यासात जाईल या भ्रमात राहू नका. पण रोज नाशिकरोडहून गंगापूर रोड, म्हणजे संध्याकाळच्या वेळी द्वारका चौकाचं ट्रॅफिक धरून, जाऊन-येऊन किती तास जातात ते मोजा. सरावापेक्षा प्रवासच तिला दमवत असणार. आठवड्यात तीन दिवस ठेवा, त्यातले दोन शनिवार-रविवारी. जानेवारीपासून बोर्ड होईपर्यंत दोनच. स्पर्धा नको, आणि त्यासाठी वजन उतरवणं तर मुळीच नको. वाढत्या वयात पाणी तोडून वजन करणं हा तालमींतला जुना रोग आहे, तो इथेही आहे.

पुढच्या वाटा. तिला शरीर, सांधे, दुखापती यांत रस असेल (खेळणाऱ्या मुलींना बहुधा असतो), तर फिजिओथेरपी बघा. महाराष्ट्रात बीपीटीचा, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीचा, प्रवेश नीटवरूनच होतो, आणि ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची ती पदवी असते ते आपल्याच म्हसरूळला आहे. खेळाडूंचा फिजिओ म्हणून काम करणाऱ्याला खेळ आतून माहीत असणं ही मोठी जमेची बाजू. एमबीबीएसएवढे गुण लागत नाहीत, हे कळलं की नीटचं ओझंही थोडं उतरेल. शिकवायचंच असेल तर पदवी, मग बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी), किंवा पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, प्रशिक्षक डिप्लोमा. तिथे ज्युदो आहे, कुस्ती आहे.

म्हणूनच माझा आग्रह: ज्युदो सोडू देऊ नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, पण ते मान्यताप्राप्त खेळातल्या ठरावीक स्तरावरच्या पदकांना. नुसता विभागीय सहभाग पुरत नाही. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते, आणि बोगस प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनंतर ती कसून होते. ज्युदो ऑलिंपिकमध्ये 1964 मध्ये आला आणि 1968 सोडलं तर तेव्हापासून आहे, शालेय स्पर्धांत आहे, त्याच्या कागदाला वजन आहे. खासगी जिउ-जित्सू स्पर्धेतलं मेडल भिंतीवर छान दिसतं, पडताळणीच्या खिडकीत ते चालेलच असं नाही. बारावीच्या ग्रेस गुणांचंही तसंच. कॉलेजच्या क्रीडाशिक्षकांना आत्ताच भेटा, मार्चमध्ये धावपळ नको. दोन खेळ एकमेकांना मारक नाहीत. ज्युदोत पाय धरायला बंदी आहे, जमिनीवर वेळ कमी मिळतो, एवढं ध्यानात ठेवून तिला दोन्ही खेळता येतील. आणि आधी पगाराची सोय, मग खेळ, हा क्रम कमीपणाचा नाही. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आधी सैन्यात गेला, रोइंग तिथे शिकला आणि 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला पोचला.

गळ्यावरच्या वळांचं. गीच्या कॉलरने गळा आवळण्याचे डाव असतात, त्यात कातडी घासली जाते. शेजारच्या काकूंना खुशाल सांगा. पण हे डाव मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबतात आणि नीट बसले तर दहाएक सेकंदांत शुद्ध जाऊ शकते. त्यामुळे लवकर टॅप करणं आणि समोरच्याने तत्काळ सोडणं, यावर तडजोड नाही. गी रोज धुवायची, नखं कापलेली, घरी आल्या आल्या आंघोळ. नाहीतर नायटा घरभर फिरतो. कान सुजून मऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टर, पैलवानांसारखा मोडका कान मिरवायची हौस नको.

मुलांबरोबरच्या सरावाबद्दल तुम्ही संकोचून लिहिलंय. संकोचू नका, हा योग्य प्रश्न आहे. भारतात कोणीही चार मॅट अंथरून जिउ-जित्सूचा क्लास काढू शकतो, त्यामुळे पारखायचं काम पालकांचंच. न सांगता जाऊन एक पूर्ण सत्र बघा. पालकांना आत बसू न देणारा क्लास त्याच दिवशी सोडा. प्रशिक्षकाला बेल्ट कोणी दिला, हे विचारा. या खेळात ती गुरुपरंपरा प्रत्येकाला सांगता येते, आणि जो टाळाटाळ करतो त्याच्याविषयी शंका घ्यायला जागा आहे. मुली किती आहेत, जोड्या कोण लावतं, नवख्या मुलीला ‘याच्याबरोबर नाही खेळायचं’ म्हणता येतं का, हे बघा. ते तिला बिनधास्त म्हणता येत असेल, तर मुलांबरोबर खेळल्याने बिघडत नाही. उलट जड जोडीदाराशी खेळूनच हा खेळ येतो.

मिस्टरांनाही त्या दिवशी बरोबर न्या. त्यांनी ‘बंद’ म्हटलंय ते त्यांनी अजून काहीच न बघता म्हटलंय.

राहिलं बेंगळुरू. नीट झाली की निकाल लागेपर्यंतच्या सुट्टीत तिला एक महिना जाऊ द्या. खर्चाची कमाल तुम्ही ठरवा, हिशेब तिने ठेवायचा. रोज दोन वेळा सराव केल्यावर शरीर काय म्हणतं आणि पैसा कसा जातो, हे तिचं तिला दिसेल. परत आल्यावर तरीही तेच हवं असेल, तर आपण तेव्हा वेगळं बोलू. तेव्हा तिच्या हातात बारावीचा निकाल आणि नीटचा स्कोअरही असेल. मला भेटायला याल तेव्हा ज्युदोची सगळी प्रमाणपत्रं मूळ प्रतींसह आणा. झेरॉक्सवर आयोजक संघटनेचा शिक्का बहुधा वाचता येत नाही, आणि पडताळणीत पहिला प्रश्न त्याच शिक्क्याचा असतो.