घरी चाळीस, परीक्षेत अठ्ठावीस

सरकारी लिपिकपदाची तयारी करणाऱ्या मुलामुलींकडून एक तक्रार मला वरचेवर ऐकू येते: घरी टायपिंगचा वेग चांगला असतो, परीक्षेत तो कोसळतो, तेव्हा आमच्या मनातच काही खोट आहे का? डिचोलीकडच्या एका तरुणीने हाच प्रश्न आणला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) जाहिरातीतील अट इंग्रजीत मिनिटाला ३० शब्दांची होती, घरी तिचे ४० होत, प्रत्यक्ष चाचणीत २८ भरले. "मॅडम, मला दडपण सहनच होत नाही," हे निदानही तिने सोबतच आणले होते.

मी आधी ४० हा आकडा कसा काढला ते विचारले. ती मोबाइलवर गाणी लावून एका मिनिटाची चाचणी दिवसभर पुन्हा पुन्हा देई आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा लक्षात ठेवी. संध्याकाळी आई विचारी, "आज किती आले गो?" आणि तोच आकडा सांगितला जाई. परीक्षेत मात्र दहा मिनिटे सलग, अनोळखी उतारा असतो. शिवाय या मोजणीत शब्द म्हणजे पाच कळा. केंद्रीय कर्मचारी निवड आयोग ३५ शब्दांचा वेग तासाला १०,५०० कळा असा मोजतो, तो याच हिशेबाने. दहा मिनिटांत १,६०० कळा दाबल्या तर वेग ३२ होतो, पण त्यांत ४० चुका राहिल्या आणि प्रत्येक चुकीला एक शब्द वजा केला, तर हाती २८ च उरतात. तिचे नेमके असेच काहीसे झाले असावे, कारण तिच्या सरावात चुका मोजल्याच जात नव्हत्या.

दडपण होतेच, ते मी नाकारले नाही. परंतु ज्याला आपला खरा वेग ठाऊक नाही, त्याला परीक्षेत धक्का बसणारच. म्हणून आम्ही मोजणे आठवड्यातून एकदा, रविवारी, वर्तमानपत्रातील अग्रलेखावर दहा मिनिटे, एवढेच ठेवले. रोजचा सराव आकड्याविना आणि मुद्दाम संथ: एफ आणि जे या कळांवरील उंचवटे तर्जनीने चाचपून हात ठेवायचे, खाली पाहायचे नाही, शंभरात दोनपेक्षा अधिक अक्षरे चुकली तर वेग आणखी कमी करायचा. तिची बोटे पाहताना एक गोष्ट उघड झाली. प्रत्येक मोठ्या अक्षरासाठी ती कॅप्स लॉक चालू करून पुन्हा बंद करी. विरुद्ध हाताने शिफ्ट धरण्याची सवय लागायला वेळ लागला आणि त्या काळात तिचा वेग आणखी उतरला, तेव्हा ती रडकुंडीला आली. सवय मोडताना असे होतेच, हे तिला आधीच सांगून ठेवले होते, म्हणून निभावले. परीक्षेतला कीबोर्ड लॅपटॉपपेक्षा जड वाटल्याचे ती ओघात बोलली होती, तेव्हा तसा एक जुना तिने चुलतभावाकडून मागून आणला.

हल्ली रविवारच्या कागदावर चुका वजा जाता ३२-३३ भरतात. अंकांची ओळ अजून अडखळते; सध्या तिच्यावर काम चालू आहे.