साप चावला तर दवाखान्यात पोचेपर्यंत घरच्यांनी काय करायचं? दोरी बांधायची का?

दोरी बांधायची नाही. तुम्ही लिहिलंय की घर तालुक्यापासून तासभर लांब आहे आणि भातकापणी तोंडावर आली आहे, म्हणून हे पहिल्यांदा सांगून टाकते.

मी सिंधुदुर्गात एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, माणूस आमच्याकडे आणतात तेव्हा बहुतेकदा पायाला सुंभ नाहीतर ओढणी करकचून आवळलेली असते आणि खालचा पाय काळानिळा पडलेला असतो. आमच्या भागात फुरसं भरपूर. फुरसं काय, घोणस काय, त्यांचं विष चावलेल्या जागचं मांसही नासवतं. ते दोरीने तिथेच कोंडलंत तर बोट किंवा पाय जायची पाळी येते. आधीच कोणी बांधून ठेवलं असेल तर वाटेत सोडू नका. डॉक्टर समोर असताना, सलाईन लावून, आम्ही ते हळूहळू सैल करतो.

ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं, कोंबडी लावणं, बर्फ, झाडपाला, सगळं बाद. फुरसं आणि घोणशीच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. अशा माणसाला तुम्ही चीर दिलीत तर ती वाहतच राहते. मांत्रिकाबद्दल एवढंच सांगते की बिनविषारी सापाचे पेशंट त्याच्याकडेही बरे होतात, घरी बसूनही होतात.

आता करायचं काय. माणसाला आहे तिथे बसवा किंवा आडवं करा. चालवत रस्त्यापर्यंत आणू नका. स्नायू हलले की विष लवकर वर सरकतं. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज चढल्यावर ती कापावी लागतात. मग हात किंवा पाय मोडल्यावर बांधतो तसा आधार द्या. मागे एका बाईंना आणलं होतं, त्यांच्या पायाला घडी घातलेली छत्री लावून दोन पंच्यांनी बांधली होती, घोट्याच्या वर एक आणि गुडघ्याच्या वर एक. पंच्याखाली बोट सहज जात होतं. याहून चांगलं काम मीही केलं नसतं.

चावल्याची वेळ घड्याळात बघून ठेवा. सूज कुठवर आली तिथे पेनाने रेघ मारा. दुखतंय म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढतो. दारू तर नाहीच. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा.

108 ला फोन करा, ती गाडी फुकट असते. गाडी लांब आहे म्हणाले तर वाट बघत बसू नका, शेजाऱ्याची रिक्षा काढा. मोटारसायकलच असेल तर पेशंट मध्ये आणि मागे धरून बसणारा एक जण. निघताना दवाखान्यात फोन करून एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, आहे का एवढं विचारा. सुरुवातीलाच त्याच्या साधारण 10 व्हायल (छोट्या बाटल्या) लागतात. नसतील तर आम्हीच सांगू कुठे जायचं ते.

जनावर मारून पिशवीत आणायची गरज नाही. आपल्याकडचं एएसव्ही नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरही चालतं. शिवाय मेलेल्या सापाचं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. आम्ही पेशंटचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतो, 20 मिनिटं हात न लावता ठेवतो आणि मग नळी तिरकी करतो. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर गोठण बिघडली, म्हणजे घोणस किंवा फुरसं. सापाचं नाव तुम्ही नाही सांगितलंत तरी आमचं अडत नाही.

मण्यारीचं मात्र वेगळं. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, फारसं दुखत नाही आणि दातांच्या खुणाही धड दिसत नाहीत. पहाटे पोटात कळ येते, घरचे पित्त समजून सोडा पाजतात. थोड्या वेळाने पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते, गिळता येत नाही. खाली झोपलेला माणूस सकाळी असा उठला तर साप कोणी बघितला नसला तरी सरळ दवाखाना गाठा, आणि तोंडात काही घालू नका. वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा. या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात, पण मशीनवर ठेवून वेळ काढला तर माणूस उठून बसतो.

काहीच लक्षणं नसली तरी आम्ही 24 तास ठेवून घेतो. तेव्हा दुपारी बरं वाटतंय म्हणून सही करून घरी नेऊ नका. आणि सोडल्यावरही लघवी कमी किंवा लाल झाली, हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याच दिवशी परत या.